दोन फुटांचा समुद्र

आमच्या असोद्यात समुद्र यायचा तो बाजाराच्या दिवशी, टोपलीतून. सुकट आणि बोंबील घेऊन एक म्हातारी बसायची. आई तिच्याकडून चार-आठ आण्यांची सुकट पदरात बांधून आणायची. त्या वासालाच आम्ही मुले समुद्राचा वास समजत होतो. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून आमचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. केळी आणि कापसाच्या या मुलखात पाणी म्हणजे विहिरीचे, पाटाचे, नाहीतर तापी-गिरणेचे. खारे पाणी आम्हाला फक्त भूगोलाच्या पुस्तकात भेटले होते.

खरा समुद्र मी पाहिला तो १९७४ च्या ६ डिसेंबरला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील मला जळगावहून गाडीने दादरला घेऊन गेले. चैत्यभूमीवर तासन् तास रांगेत उभे राहून आम्ही बाबासाहेबांना अभिवादन केले आणि मागच्या वाळूवर आलो. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातून आलेल्या आपल्या हजारो माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्याच जागी, त्याच दिवशी. मी पाण्यात हात बुडवून बोट तोंडात घातले आणि थुंकलो. वडील हसले. मग कितीतरी वेळ ते पाण्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या लहानपणी विहिरीवर जायला बंदी होती. दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊन ते वाढले होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही हकीकत ते आम्हाला रोजच्या घासासारखी सांगत. त्या दिवशी मात्र ते एवढेच म्हणाले, "एवढे पाणी, आणि याच्यावर कुणाचा पहारा नाही."

दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता म्हणून त्यांनी मला चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेले. हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले होते. काचेच्या पलीकडे निळ्या, पिवळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या माशांना मी नाक टेकवून पाहिले. आमच्या घरी असे काही असावे, ही इच्छा त्या काचेवरच राहिली. पुढे शाळा, नोकरी, मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने यांत ती कधी वर आली नाही.

ती वर आली माझ्या नातीमुळे. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो त्या वर्षी ती पाचवीत होती. २००३ साली आलेला 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट तिने टीव्हीवर पाहिला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा घरी हवा म्हणून हट्ट धरला. गंमत अशी की त्या चित्रपटात निमो माणसाच्या काचेच्या टाकीतून सुटून समुद्रात परत जातो. तो पाहून जगभरच्या मुलांना वाटले काय, तर निमोला टाकीत आणावे! पण हे मला तेव्हा सुचले नाही. मला चर्नी रोडची काच आठवली आणि मी हो म्हणालो.

माझ्या मुलाने दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी आणली. तीत वाळू आणि दगड घातल्यावर ७५ लिटरच्या आसपास पाणी मावले. दुकानदाराने मिठाची पिशवी दिली, फिल्टर दिला आणि त्याच फेरीत सहा मासे दिले : तीन निळे डॅमसेल, एक जोकर मासा म्हणजे क्लाऊन, एक निळा टँग आणि एक हिरव्या-नारिंगी नक्षीचा मँडरिन. सकाळी पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले. शेजारीपाजारी बघायला आले. नातीने टाकीपुढे पाट मांडून तिथेच जेवण केले.

पाचव्या दिवशी जोकर मासा तळाशी आडवा पडला. टँगच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले आणि दोन दिवसांत तो गेला. तीन डॅमसेलपैकी एकाने बाकी दोघांचे पंख कुरतडून त्यांना कोपऱ्यात कोंडले. आधी एक मेला, मग दुसरा. मँडरिन शेवटी गेला, अठराव्या दिवशी. समोर दाणे पडलेले असायचे, पण तो त्यांना तोंड लावत नसे. त्याचे पोट पाठीला लागले होते. सहांपैकी एकच उरला, तो दादागिरी करणारा डॅमसेल.

त्या रात्री घरातल्या बुद्धमूर्तीपुढे आम्ही नेहमीप्रमाणे वंदनेला बसलो. त्रिसरण झाले. पंचशील सुरू झाले तशी नात पहिल्याच शीलाला थांबली. मी डोळे उघडले. ती म्हणाली, "आबा, ते मासे आपण मारले का?"

मी गप्प राहिलो. तिची आजी मदतीला आली. "अगं, आपण काही शाकाहारी नाही. परवाच तर बोंबील खाल्ले आपण."

"ते भुकेसाठी, आजी," नात म्हणाली. "हे तर नुसते बघायला आणले होते."

वाचकहो, मी चौतीस वर्षे मुलांना शिकवले. एवढे नेमके वाक्य माझ्या फळ्यावर कधी लिहिले गेले नसेल. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तो मी विहारात कितीदा तरी समजावून सांगितला होता. आता हिशोब माझ्याच घरात मांडायचा होता. या पाच माशांना मारण्याची मला इच्छा नव्हती, गरज तर नव्हतीच. मग ते मेले कशाने? माझ्या अज्ञानाने आणि घाईने. तथागतांनी अज्ञानाला सगळ्या दुःखांच्या मुळाशी का ठेवले, ते त्या अठरा दिवसांत मला पुस्तकाबाहेर कळले.

पहिला विचार आला तो सगळे बंद करून टाकी माळ्यावर टाकण्याचा. पण एक मासा जिवंत होता. त्याला गिरणेत सोडावा, तर गोड्या पाण्यात तो टिकणार नाही. समुद्र चारशे किलोमीटरवर. शिवाय कुठून आलेला मासा कुठल्याही पाण्यात सोडणे हाही अपराधच. म्हणजे जबाबदारी टाळता येत नव्हती, ती शिकूनच पार पाडावी लागणार होती.

शिकवणारा भेटला भुसावळला. रेल्वेतून निवृत्त झालेले आपले एक समाजबांधव. त्यांच्या घरी सहा फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि ती बारा वर्षे चालू होती. मी सारी कथा सांगितली. त्यांनी रागावून घेतले नाही, फक्त विचारले, "गुरुजी, मासे कुणाच्या आवडीने निवडले?" मी म्हणालो, नातीच्या आणि दुकानदाराच्या. ते म्हणाले, "छोट्या टाकीत आपली आवड शेवटी विचारायची. या दोन फुटांत आयुष्य काढायला कोण राजी होईल, हे आधी विचारायचे."

मग त्यांनी एकेका मृत्यूचे कारण मला सांगितले.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत मात्र तो खाणारे जिवाणू आधी वाढवावे लागतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. आम्ही त्यांना एक दिवसही दिला नव्हता. जोकर मासा त्याने गेला. टँग मोठेपणी फूटभर लांब होतो आणि त्याला दिवसभर लांब पोहायला लागते. त्याला दोन फुटांच्या डब्यात ठेवणे म्हणजे धावणाऱ्याला कपाटात ठेवणे. त्या ताणाने रोगाला तो आधी बळी पडला. मँडरिनचे तोंड लहान आणि भूक विचित्र. दगडांवर रांगणारे डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे जीव तो दिवसभर टिपत असतो. नव्या, छोट्या टाकीत ते जीव नसतात. तो अक्षरशः उपाशी मेला.

आणि डॅमसेल? तो स्वस्त आणि चिवट असतो, म्हणून नवख्याच्या गळ्यात पहिला तोच पडतो. पण तो आपल्या जागेचा फार कडवा राखणदार. प्रवाळाच्या खडकात त्याने कुणाला हुसकावले, तर तो मासा चार हात दूर जातो आणि भांडण तिथेच मिटते. आमच्या टाकीत दूर जायला जागाच नव्हती. घरात आम्ही त्या माशाला 'गुंड' म्हणू लागलो होतो. पण गुंडपणा त्याच्या एकट्याचा नव्हता. तिघांना दोन फुटांत कोंडून पळायची वाट बंद करणारा मी होतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'मत्स्यन्याय' हा शब्द आहे. कुणाचा धाक उरला नाही की मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसे बलवान दुबळ्याला गिळतात, असा त्याचा अर्थ. आपल्या समाजाने तो न्याय शतकानुशतके अंगावर झेलला. म्हणून लहानपणापासून माझी समजूत होती की माशांचे जग म्हणजे नुसते गिळणे. पुढे वाचले आणि डोळ्यांनी पाहिले तेव्हा कळले की माशांवरही हा थोडा अन्यायच आहे. जोकर मासा समुद्रफुलाच्या विषारी बोटांत राहतो. ते फूल त्याला राखते आणि तो त्या फुलाला राखतो. गोबी नावाचा छोटा मासा एका जातीच्या कोळंबीबरोबर बिळात राहतो. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती बीळ खणते. गोबीला खणता येत नाही, पण त्याची नजर तीक्ष्ण. बाहेर आली की कोळंबी आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसताच गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघे आत. कोण कुणाबरोबर आणि किती जागेत, यावर सगळे ठरते. छोट्या टाकीसाठी मासे निवडणे म्हणजे तेवढेच नीट ठरवणे.

गुंडाला भुसावळच्या सहा फुटांत जागा मिळाली. तिथे खडकांच्या दहा कपारी होत्या आणि त्याच्यापेक्षा मोठे मासेही होते. आमची टाकी सहा आठवडे बिनमाशांची चालू राहिली. नात रोज शाळेतून आली की त्या रिकाम्या पाण्याकडे बघायची. मुलाला वाटले, तिचा उत्साह जाईल. तसे झाले नाही. तिला मी एक वही दिली. तपासणीच्या थेंबांनी पाण्याचा रंग कसा झाला, अमोनिया किती, नायट्राइट किती, हे ती लिहू लागली. दोन्ही आकडे चढले, मग उतरले, आणि एके दिवशी दोन्ही शून्यावर आले. त्या दिवशी तिने वहीत लाल पेनाने लिहिले, "आता पाणी तयार."

छोटी टाकी सोपी असते, हा मोठा गैरसमज आहे. पाणी जितके कमी, तितका बिघाड लवकर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या ७५ लिटरला मत्स्यालयासाठीचे अडीच किलोच्या वर समुद्री मीठ लागले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात. बोअरचे पाणी जड, म्हणून आरओचे वापरले. पाण्याची घनता १.०२५ च्या जवळ आणि उष्णता २५-२६ अंशांवर राखायची. आता आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. टाकीवर पंखा लावावा तर पाणी थंड होते, पण उडतेही. पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारे नव्हे, गोडे पाणी घालायचे. ही साधी गोष्ट न कळल्याने कितीतरी टाक्या हळूहळू मिठागर होतात. दर आठवड्याला सात-आठ लिटर जुने पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालायचे. थंडीत हीटर लागतो, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा लागतो.

मग आली माशांची निवड. या वेळी आम्ही दुकानात जाण्याआधी घरी बसून ठरवले. प्रत्येक नावापुढे नातीने पाच प्रश्न लिहिले : मोठेपणी किती होईल? स्वभाव कसा? खातो काय? कुठून आला? आणि त्याला कुणाची सोबत चालते?

पहिल्याच प्रश्नाला टँग, मूरिश आयडॉल आणि ईल बाद झाले. दुसऱ्याला डॅमसेल. लायनफिश दिसायला झुपकेदार, पण त्याच्या काट्यांत विष असते आणि तोंडात मावेल त्या सोबत्याला तो गिळतो. तिसऱ्या प्रश्नाला मँडरिन गेला. बटरफ्लाय मासेही गेले, कारण त्यांतले बरेच प्रवाळाच्या जिवांवर जगतात आणि दाण्याला तोंड लावत नाहीत.

चौथा प्रश्न माझ्यासाठी सर्वात महत्त्वाचा ठरला. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाच्या प्रवाळांत सायनाइडचे पाणी फवारून, माशांना गुंगी आणून पकडण्याची रीत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. असा मासा दुकानात दिसतो ठणठणीत आणि काही आठवड्यांत मरतो. मागे जे खडक राहतात, तिथले प्रवाळही मरतात. तथागतांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा, त्यांत प्राण्यांचा व्यापार आहे. मी विकणारा नसलो तरी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक आहे म्हणून व्यापार आहे. म्हणून ठरवले की समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचा नाही. टाकीत जन्मलेला, टाकीत वाढलेलाच घ्यायचा. असे मासे आपल्या देशातही तयार होतात. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात जोकर माशांची पैदास झाली आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची उबवणी होते. किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना यातून घरबसल्या रोजगार मिळू शकतो, ही गोष्ट आपल्या बचत गटांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

कायद्याचेही सांगतो. समुद्रघोडा घ्यावा असे नातीला वाटत होते. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून समुद्रघोड्याला, खडक बांधणाऱ्या प्रवाळाला आणि समुद्रपंख्याला संरक्षण दिले आहे. टाकीत शोभेसाठी कुणी प्रवाळाचा तुकडा देऊ केला, तर घेऊ नये. आम्ही भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड घातले. जिवाणूंना घर मिळाले म्हणजे झाले.

अशा गाळणीतून खाली उरले ते थोडके. ऑसेलारिस जातीच्या जोकर माशांची जोडी. मोठेपणी तीन-साडेतीन इंच, दाणे खुशाल खाणारी, समुद्रफूल नसले तरी राहणारी. एक पिवळा गोबी; वाळूत बसून पहारा करणारा, कुणाच्या वाटेला न जाणारा. आणि वाटलेच तर एक फायरफिश किंवा बांगाई कार्डिनल. फायरफिश लाजाळू आणि उडी मारणारा, म्हणून टाकीवर जाळी हवी. कार्डिनलचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही. समुद्रात त्याची संख्या फार घटली आहे, त्यामुळे टाकीत वाढलेलाच घ्यायचा.

जोकर माशांची दोन लहान पिल्ले एकाच घाण्यातली आणली. आधी तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून रोग नाही याची खात्री केली, मग सोडली. एक गोष्ट वाचून नातीच्या आजीची फार करमणूक झाली. हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीत जो मोठा होतो, तो मादी बनतो, आणि घरात सत्ता तिचीच चालते. मादी मेली तर नर मादी होतो. आजी म्हणाली, "म्हणजे यांच्यात मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडे करत नसेल." त्यावर आम्ही पुरुष मंडळी काही बोललो नाही.

दोन महिन्यांनी गोबी आला. त्यानंतर नातीने वही उघडली आणि विचारले, "आबा, चौथा?" टाकीत जागा दिसत होती. पैसे ती वाढदिवसाचे देणार होती. मी नाही म्हणालो नाही. वही तिच्याकडे सरकवली आणि म्हणालो, "तूच ठरव." ती दोन दिवस आकडे बघत राहिली. नायट्रेट आठवड्याअखेर जिथवर चढत होते, ते तिने पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिघेच बरे." सहा मासे एका दिवसात घेणारा मी आणि चौथा न घेणारी ती, यात शिकलेले कोण, हे वाचकांनी ठरवावे.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली ती सहा तास. टाकीतले पाणी एकतीस अंशांवर गेले. शेजारच्या घरातून बर्फाच्या बाटल्या आल्या. त्या पाण्यात तरंगत ठेवल्या, बॅटरीचा पंप लावला, आणि तो थकला तेव्हा सून, नात आणि मी आळीपाळीने मगने पाणी वर घेऊन परत टाकीत सोडत राहिलो, हवा मिसळावी म्हणून. पहाटे वीज आली. तिघे जिवंत होते. शेजारी म्हणाला, "गुरुजी, तीन माशांसाठी रात्रभर?" मी म्हणालो, "आणले आम्ही. त्यांना दुसरीकडे जाता येत नाही."

हा छंद खर्चाचा आहे, हे लपवत नाही. समाजात अजून मुलांच्या फीची आणि पुस्तकांची विवंचना असताना असा छंद कशाला, असे विहारातल्या एका भाऊंनी विचारले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याच्याजवळ रोज अर्धा तास, सहा आठवड्यांचा धीर आणि खर्चाची सोय नाही, त्याने ही टाकी आणूच नये. मुलाचा हट्ट एका संध्याकाळचा असतो. जोकर मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. माझी नात कॉलेजात जाईल तेव्हाही त्याला दाणे घालावे लागतील. एवढा विचार झाला असेल तरच दुकानाची पायरी चढावी, आणि दुकानदाराने सहा दिले तर दोन घेऊन यावे.

मागच्या ६ डिसेंबरला मी नातीला दादरला घेऊन गेलो. तीच रांग, तीच वाळू. अभिवादन करून आम्ही पाण्याशी आलो. तिने वाकून बोट बुडवले आणि जिभेला लावले. मी पन्नास वर्षांपूर्वी थुंकलो होतो, ती थुंकली नाही. विचार करून म्हणाली, "आबा, आपल्या टाकीपेक्षा थोडे कमी खारट वाटते. घरी गेल्यावर घनता तपासायला हवी."

परत आल्यावर तपासली. आम्ही दोघे घरी नसताना पाणी उडाले होते आणि आकडा १.०२७ वर गेला होता. तिने मोजून गोडे पाणी थोडे थोडे करून घातले. मग हात धुऊन आम्ही वंदनेला बसलो. पहिल्या शीलाला ती थांबली नाही.

जयभीम.